नाव घेणारी ओढणी

आधी माफी मागतो. माझी शाळा सातवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून नीट कळत नाही, आणि मोठे शब्दही येत नाहीत. चुकलं असेल तिथे वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. गिरणीवर दळण दळतो आणि घरी येतो, एवढंच माझं. चारचौघांत मला बोलता येत नाही. राग आला तरी येत नाही. मग तो राग पोटात बसून राहतो.

परवा तसाच बसला होता. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे, दीपमालाशी. आमच्या घरात नवरी तोंडावर ओढणी घेऊन मांडवात येते, आणि मग जन्मभर थोरामोठ्यांसमोर तोंडावर पदर घेते. थोरल्या काकूनं तालुक्याहून तीन ओढण्या आणल्या. एक जरीची, एक मण्यांची, एक तलम. तिन्हींचे फोटो मला दीपमालाला पाठवायला लावले. म्हणाली, "आवडेल ती निवड म्हणावं. आपल्यात जबरदस्ती नाही."

दीपमालाचं उत्तर आलं, "निवडायला सांगितलंय म्हणून निवडते. खरं तर मला एकही घ्यायची नाही. तुम्हाला काय वाटतं?"

मी उत्तर लिहिलं नाही. मला काय वाटतं ते मला माहीत होतं. ते काकूला कसं सांगायचं ते माहीत नव्हतं.

मग निजायच्या वेळी ताईच्या मुली अंथरुणात आल्या. ईश्वरी आणि धाकटी रुजू. "मामा, आजी सांगायची तशी गोष्ट सांग." माझी आजी आता नाही, पण तिची सांगायची रीत माझ्या तोंडात राहिली आहे. काकू पलीकडच्या खोलीत आडवी झाली होती. मधे दार नव्हतं, नुसता पडदा होता. मी सांगायला लागलो. जशी सांगितली तशीच इथे लिहितो.

राजा नंतर येईल. आधी नदी ऐका.

एक होती नदी. रुंद, खोल आणि चिडकी. नदीसुद्धा चिडते, बरं का. तिच्यावर पूल नव्हता. अलीकडे गाव, पलीकडे राजवाडा, आणि जायचं-यायचं ते नावेनं. नाव होती म्हातू नावाड्याची. मग म्हातूचे गुडघे धरले, आणि नाव चालवायला लागली त्याची मुलगी. तिचं नाव तुळसा.

तुळसाची नजर अशी, की पाण्याच्या रंगावरून खालचा खडक ओळखायची. तिचा आवाज असा, की या काठावरून बोलली तर त्या काठावरची गुरं मान वर करायची. आणि नाव असं, की हाक मारायला सोपं. पलीकडून कुणी ओरडायचं, "तुळसाऽऽ, नाव आण गंऽऽ!" की ही म्हणायची "ओऽऽ", आणि निघायची. उन्हात, वाऱ्यात, पुरात. सुईण असो, कासार असो, चुकलेली शेळी असो.

"शेळी हाक कशी मारेल?" रुजूनं विचारलं.

"बेंऽऽ करायची. तुळसाला तेही कळायचं. मधे बोलू नकोस."

मग एकदा काय झालं, राजपुत्र नावेत बसला. गुलाबराज त्याचं नाव. अंगानं धिप्पाड, पण बोलायची वेळ आली की कान लाल व्हायचे. अलीकडे आला, झाडाखाली बसला आणि परत गेला. मग दुसऱ्यांदा आला, तसंच केलं. मग तिसऱ्यांदा आला. तेव्हा तुळसा म्हणाली, "महाराज, तुमचं इकडे काम तरी काय असतं?"

"काही नाही. मला ही नाव आवडते. आणि... नाव पण आवडतं."

"नाव की नाव?"

"दोन्ही."

तुळसा हसली. हसली म्हणजे हो म्हणाली, असं नाही, बरं का. ती त्याला आणखी बरेच दिवस फुकट बसवून वल्हवत राहिली, आणि मग लग्नाला हो म्हणाली. पण एक बोलून ठेवलं. "माझं तोंड बघून विचारलंत ना? लक्षात ठेवा."

आता राजवाड्यात काय होतं, राजा होता, पण राज्य चालायचं राजाच्या आईचं. त्यांना सगळे आईसाहेब म्हणायचे. आईसाहेबांच्या तोंडावर लग्नाच्या दिवशी जी ओढणी आली ती आलीच. त्यांचा हुकूम ओढणीतून यायचा, जांभईसुद्धा ओढणीतून यायची. त्यांनी बातमी ऐकली आणि दासीबरोबर तीन पेट्या पाठवल्या.

दासी घाटावर उतरली आणि पेट्या उघडून म्हणाली, "जरीची म्हणजे लक्ष्मी. मोत्यांची म्हणजे मर्यादा. तलम म्हणजे सौभाग्य. यातली कोणतीही निवडा. आईसाहेबांनी तुम्हाला मोकळीक दिली आहे."

सगळा गाव जमला. "वा! काय मोठं मन! निवडायला दिलंय!"

आता मुलींनो, मी तुम्हाला विचारलं, की लाल दोरीनं बांधू की हिरव्या? तर त्याला निवडणं म्हणायचं का?

"आम्ही पळून जाऊ," ईश्वरी म्हणाली.

"शहाणी आहेस."

पण तुळसा पळाली नाही. तिनं विचारलं, "ओढणी घ्यायची कशाला?"

दासी म्हणाली, "नवरीला नजर लागू नये म्हणून."

"कुणाची?"

"लोकांची."

"मग नजर त्यांची, आणि पट्टी माझ्या डोळ्यांवर का? त्यांच्या डोळ्यांवर बांधा की."

दासीनं पेट्या पुढे सरकवल्या. बिचारीला उत्तर द्यायला पाठवलंच नव्हतं, पेट्या द्यायला पाठवलं होतं.

मग तुळसा म्हणाली, "साडी घेताना आपण अंगाला लावून बघतो. मी तिन्ही ओढण्या नावेत घालून बघते. मग सांगते."

पहिल्या दिवशी तिनं जरीची घेतली. जड होती, मानेला रग लागली. आणि ती सळसळली, अशी, की बोलल्यासारखी. "सुनेला पावलापुरतं दिसलं की पुरे." तुळसानं खाली पाहिलं तर तिला आपली बोटं दिसली. समोर पाहिलं तर काही नाही, नुसतं सोनेरी. नाव गेली ती खडकावर आदळली. एक फळी तडकली, आणि नावेत बसलेल्या सावकारांची पगडी उडून नदीत पडली. ती पगडी पुढच्या गावाला सावकारांच्या आधी पोहोचली.

मुली हसल्या. मी हसलो नाही. राग होता ना.

दुसऱ्या दिवशी तिनं मोत्यांची घेतली. मोत्यांच्या मधल्या फटींतून दिसत होतं. म्हटलं, बरी आहे ही. नदीच्या मध्यावर एका बाईचं पोर कडेवरून वाकलं. तुळसा ओरडली, "बाई, धरा त्याला!" पण आवाज ओठांबाहेर आला आणि मोत्यांत गेला. मोती तेवढे गुबगुबीत झाले. "सुनेनं मोठ्यानं बोलू नये," मोती म्हणाले. पोर पाण्यात पडलं. तुळसानं ओढणीसकट उडी मारली आणि पोराला केसांना धरून वर काढलं. पोर वाचलं. बाई रडत म्हणाली, "अगं, एक हाक मारली असतीस तर!"

तुळसाला इतका राग आला की तिनं ओढणी पिळली. पाणी निघालं. आवाज निघाला नाही.

मग तिसरा दिवस. तिसरी ओढणी होती तलम. वजन नाही, सावली नाही. डोक्यावर घेतली तरी घेतली असं वाटेना. सगळं दिसत होतं, आवाजही खणखणीत येत होता. अशा छान छान गोष्टींपासून जरा जपून राहायचं, बरं का. ती ओढणी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मी काही त्रास देत नाही. मी फक्त नाव घेते."

म्हातू नावाडी खाटेवर बसून ऐकत होता. तो खूश झाला. म्हणाला, "घेऊ दे की! जुनीच झालीय, परवा फळी तडकली, तळ गळतोय. राजाचे सुतार नवी करून देतील."

तुळसालाही तसंच वाटलं. एवढी हुशार मुलगी, पण तिलाही वाटलं की ओढणी होडी मागतेय. घेऊ दे म्हणाली आणि ओढणी डोक्यावर घेऊन घाटावर बसली.

सकाळ गेली. कुणी हाक मारली नाही. दुपार झाली. कुणी हाक मारली नाही. पलीकडे माणसं जमली होती, पण कुणी ओरडेना. पुढे सुईण उभी होती. ती हात हलवत होती, तोंड उघडत होती आणि तसंच मिटत होती. तुळसाला वाटलं जांभया देतेय. इकडे गावात एक बाई अडली होती, आणि सुईण तिकडे.

शेवटी म्हातू लंगडत आला. "अगं, ती सुईण कधीची उभी आहे. जा ना..."

"मग मला हाक मारायची ना, बाबा."

"मारत होतो गं. पण तुझं ते... तुझं हे..." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरी, मी तुला काय म्हणतो गं?"

तेव्हा तुळसाला कळलं. ती किंचाळली, "बाबा, होडी नव्हे! होडी नव्हे! नाव! माझं नाव घेतलंय हिनं!"

तिनं स्वतःचं नाव उच्चारून पाहिलं. जीभ जागेवर जायची आणि घसरायची. ओढणी ओढली तर निघेना. हातांनी निघेना, दातांनी निघेना. मग तिनं काय केलं, धावत जाऊन डोकं नदीत घातलं. नदीनं ओढणीचं टोक धरलं आणि अशी हिसका देऊन ओढली की केसांचा बुचका गेला, पण ओढणी निघाली. पाण्यातून बुडबुडा आला, आणि बुडबुड्यातून हाक आली, "तुळसाऽऽ!"

"ओऽऽ!" तुळसा म्हणाली. नदीनं इतकी वर्षं ऐकलेल्या हाका जपून ठेवल्या होत्या. माणसं विसरतात, नदी विसरत नाही.

मग ती आधी सुईणीला घेऊन आली. मूल झालं, मुलगी झाली, आणि ती आईच्या पोटातून बाहेर आली ती भांडतच. बरं झालं.

मग तुळसानं तिन्ही ओढण्या नावेत टाकल्या आणि राजवाड्याकडे निघाली. वल्हं असं मारत होती की मासे बाजूला होत होते. वल्हं हातात घेऊनच दरबारात शिरली, ओली, केस विस्कटलेले, आणि ओढण्या राजासमोर फरशीवर आपटल्या.

"यातली एकही नाही!"

राजा म्हणाला, "पण आमची रीत..." आणि त्यानं आईकडे पाहिलं. प्रधानानं छताकडे पाहिलं. राजपुत्रानं आपल्या जोड्यांकडे पाहिलं.

"तो काहीच बोलला नाही?" रुजू उठून बसली.

"नाही."

"मुका होता?"

"नाही गं. त्याला बोलता येत नव्हतं. सगळ्यांसमोर."

"म्हणजे भित्रा," रुजू म्हणाली. "नाव आवडतं म्हणाला, आणि आता जोडे बघतोय."

पडद्यापलीकडे काकूच्या बांगड्या वाजल्या. तिनं कूस बदलली असेल. मी आवाज न उतरवता पुढे सांगितलं.

तुळसा राजाशी बोललीच नाही. सरळ आईसाहेबांसमोर गेली. "तुम्ही यातली कोणती निवडली होती?"

"तलम," आईसाहेब ताठ बसून म्हणाल्या. "सगळ्याजणी तीच निवडतात."

"तुमचं नाव काय?"

"आईसाहेब."

"ते नातं झालं. नाव?"

"राणीसरकार."

"तो मान झाला. नाव?"

आईसाहेबांनी ओठ उघडले. ओढणी आत ओढली गेली, बाहेर आली. परत आत गेली. त्यांनी राजाकडे पाहिलं. राजाला आईचं नाव माहीत नव्हतं. त्यानं प्रधानाला विचारलं, प्रधानानं पुजाऱ्याला विचारलं. एवढा मोठा राजवाडा, पण त्या बाईचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं. कुणीतरी मागे हसलं. तुळसानं वल्हं फरशीवर आपटलं. "हसू नका! खबरदार कुणी हसलं तर!"

आली तेव्हा तिला आईसाहेबांचा राग आला होता. आता त्याच रागानं ती आईसाहेबांच्या बाजूला उभी राहिली होती. रागाचं असं होतं कधी कधी. नीट बघितलं की तो आपली जागा बदलतो.

आईसाहेब हळूच म्हणाल्या, "माहेरी होतं गं. काहीतरी होतं."

"चला मग."

"कुठे?"

"नाव आणायला."

प्रधान म्हणाला, "नाव तर घाटावरच बांधली आहे."

"त्या नावेतून हे नाव आणायचंय!" तुळसा म्हणाली. "तुमच्या डोक्यात कधी शिरायचं?"

तेव्हा राजपुत्र पुढे आला. कान लाल, नजर जोड्यांवर. म्हणाला, "आजी... मी... मी नाव वल्हवतो." मग म्हणाला, "आणि लग्नात हिच्या तोंडासमोर पडदा असेल, तर माझ्याही असेल. नाहीतर दोघांच्याही नसेल." एवढं सगळं तो जोड्यांनाच म्हणाला. पण म्हणाला.

"त्याला वल्हवता येतं?" ईश्वरीनं विचारलं.

"अजिबात नाही."

सगळे नावेत बसले, राजासुद्धा. नाव जागच्या जागी गरगरली. एकदा गरगरली, दोनदा गरगरली, तिसऱ्यांदा राजाला उलटी झाली. मग कशीबशी मध्यावर पोहोचली. तुळसा म्हणाली, "आईसाहेब, ओढणी पाण्यात सोडा."

आईसाहेबांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. "सवय झालीय गं. उघड्या तोंडाला वारा लागला की मला भीती वाटते. आणि माझं तोंड आता म्हातारं झालंय. मीही ते पाहिलेलं नाही."

राजा म्हणाला, "ओढून काढू का?"

"हात लावायचा नाही!" तुळसा गरजली. "एकदा तुम्ही लोकांनी घातली, आता तुम्हीच काढणार? त्या सोडतील तेव्हा सोडतील."

मग सगळे थांबले. नाव डुलत राहिली. आईसाहेबांनी आधी ओढणीचं एक टोक पाण्यात बुडवलं. मग आणखी थोडं. मग डोळे मिटले आणि हात उघडले.

ओढणी नदीत पसरली, आणि तिच्यातून हाका उठायला लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या जिनं जिनं ती निवडली होती तिची तिची हाक. "सगुणाऽऽ!" "भिवराऽऽ!" "लाडेऽऽ, भाकरी झाली गंऽऽ!" कुणाच्या आईचा आवाज, कुणाच्या बापाचा, कुणाच्या मैत्रिणीचा. पण ओ द्यायला त्यातलं कुणी उरलं नव्हतं. हाका पाण्यावरून गेल्या आणि विरल्या. नावेतले सगळे मान खाली घालून ऐकत होते. राजाही.

आणि मग अगदी शेवटी, लांबून, एक हाक आली. "शेवंतेऽऽ! किती खेळशील? ये गंऽऽ!"

आईसाहेब नावेत उभ्या राहिल्या. उघडं तोंड, पांढरे केस वाऱ्यावर. आणि लहान पोरीसारख्या ओरडल्या, "ओऽऽ! आले गं आईऽऽ!"

दोन्ही काठांवरच्या गुरांनी मान वर केली. असला आवाज त्या बाईच्या आत इतकी वर्षं बसून होता.

मग लग्न ठरलं. घाटावर मांडव पडला. आईसाहेबांनी, म्हणजे आता शेवंताबाईंनी विचारलं, "काय गं, काहीच घेणार नाहीस तोंडासमोर?"

तुळसा म्हणाली, "घेणार आहे. मी चौथा पडदा निवडलाय." आणि तिनं नावेचं जुनं शीड उतरवलं. ठिगळं लावलेलं, वाऱ्यानं मऊ झालेलं. म्हणाली, "हा माझा अंतरपाट. लग्नात पडदा हवाच असेल तर हा असा हवा. हा एकीच्या तोंडावर बसत नाही, दोघांच्या मधे राहतो. मी त्याला दिसत नाही, तोही मला दिसत नाही. दोघं सारखीच थांबतात. आणि हा धरायचा, तो काढण्यासाठीच धरायचा."

शिडाचं एक टोक तुळसाच्या मामानं धरलं, दुसरं शेवंताबाईंनी. मंगलाष्टकं झाली. वाऱ्याला राहवेना, तो शीड फुगवायला लागला आणि मांडवच चालू लागतो की काय असं झालं. मग शेवटचं सावधान झालं आणि शीड खाली आलं. दोघांनी एकमेकांना पाहिलं. गुलाबराजाचे कान लाल होते. पण या वेळी तो जोड्यांकडे बघत नव्हता.

मग तांदळाचं ताट आलं. नवऱ्यानं नवरीचं नवीन नाव अंगठीनं तांदळात लिहायचं असतं ना, ते. तो म्हणाला, "काय लिहू?" ती म्हणाली, "नदीला माहीत आहे ते." मग त्यानं लिहिलं, तुळसा. त्यात 'तु' दीर्घ लिहिला, चुकला. पण नाव तेच होतं.

मग बायका म्हणाल्या, आता तू नाव घे. तिनं घेतलं.

"नदीला दोन काठ, नावेला एक शीड,
गुलाबराज वल्हवतात, मला येते चीड."

त्या ओढण्यांचं काय झालं? जरीची फाडून त्यांनी नावेच्या फटी बुजवल्या. मोत्यांची कात्रीनं कापली तेव्हा मोत्यांतून तुळसाची हाक बाहेर पडली, "बाई, धरा त्याला!", आणि घाटावरच्या सगळ्या आयांनी आपापली पोरं धरली. तलम दोन्ही, शेवंताबाईंची आणि पेटीतली, नदीनं ठेवून घेतल्या. आणि मग ती दोघं नांदली, शेवंताबाई रोज घाटावर बसून कोण येतंय ते बघायच्या, आणि गुलाबराज बऱ्याच वर्षांनी नाव सरळ न्यायला शिकला.

झाली गोष्ट. आता तुम्ही पापण्यांची ओढणी घ्या. तेवढी चालते, कारण ती सकाळी आपली आपणच काढतो.

रुजू केव्हाच झोपली होती. ईश्वरी डोळे मिटून म्हणाली, "मामा, तो राजपुत्र आधीच बोलला असता तर?"

"झोप आता," मी म्हणालो. पडद्यापलीकडे अगदी शांत होतं. काकू झोपली की घोरते. ती घोरत नव्हती.

सकाळी उठलो तेव्हा काकू ओट्यावर बसून अक्षतांचे तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसलो आणि सुपातले खडे वेचायला लागलो. बराच वेळ दोघंही निवडत राहिलो. माझे कान तापले होते. मग मी सुपाकडे बघत विचारलं, "काकू, तुझं माहेरचं नाव काय?"

तिचा हात थांबला. "कशाला पाहिजे?"

"मला माहीत नाही म्हणून."

"तुझ्या काकालाही माहीत नसेल," ती म्हणाली. एक खडा तिनं उचलला आणि लांब अंगणात भिरकावला. "हौसा. हौसा म्हणायचे मला. कर काय करायचं ते."

मग मी उठलो. आत जाऊन तिन्ही ओढण्या घडी करून पिशवीत घातल्या, तालुक्याच्या दुकानात परत द्यायला. दीपमालाला लिहिलं, "एकही नाही. अंतरपाट पुरे. मी घरात सांगतोय." काकू हे सगळं बघत होती. ती हो म्हणाली नाही, पण पिशवीलाही हात लावला नाही.

फाटकापाशी गेलो. तिथून वळलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं हाक मारली, "हौसाकाकूऽऽ, येतो गं!"

तिनं मान वर केली नाही. सूप पाखडत राहिली. मी वाट बघत उभा राहिलो. एसटी वळणावर दिसायला लागली होती.

मग ओट्यावरून आवाज आला, "ओऽऽ."